परदेशी बोलपट आणि मुंबईचा प्रेक्षक

गावोगाव हिंडणाऱ्या कीर्तनकारास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. समोर कोण बसले आहे हे पाहून तो आपला उत्तररंग सजवितो. पाटील पुढे बसला असेल तर दुष्ट पाटलाचे आख्यान तो जरा हात राखून लावतो. वाणी बसला असेल तर मापात मारणाऱ्या वाण्याचा दृष्टांत पुढच्या गावासाठी ठेवून देतो. तमाशातील सोंगाड्या याच्या अगदी उलट वागतो. जो समोर असेल त्याचीच टोपी तो उडवितो. परंतु तो समोर आहे हे त्यासही ठाऊक असते. चित्रपटास मात्र डोळे नाहीत. एकदा डब्यात बंद झाला की लंडनच्या प्रेक्षकांपुढे तो जे बोलला तेच मुंबईच्या प्रेक्षकांपुढे बोलतो. आपण कोणाविषयी बोलत आहो आणि तो मनुष्य तिकीट काढून आत येऊन बसला आहे की काय, याची त्यास दाद नसते.

ज्याच्याविषयी बोलावयाचे तो ऐकावयास हजर नाही असे गृहीत धरून रचलेली कथा नेमकी त्याच्याच पुढे येऊन पडली म्हणजे काय होते, याचा एक फार बोधक दाखला मुंबईच्या इतिहासात १९३८ व १९३९ या दोन सालांत सापडतो. लंडनच्या कोर्डाबंधूंचा 'ड्रम' आणि हॉलिवुडच्या आर.के.ओ. कंपनीचा 'गंगा दीन' हे दोन बोलपट त्या सालांत येथे वादाचे विषय झाले. या प्रकरणाची हकीकत सांगताना 'धार्मिक भावना दुखावल्यामुळे लोक खवळले' असे एक ठराविक वाक्य सांगितले जाते. आमचे मत असे आहे की, हे वाक्य अपुरे आहे. इतकेच नव्हे, तर ज्यांनी ते आपल्या तोंडी घातले त्यांची त्यात मोठी सोय होती. हे मत कितपत टिकते ते पाहावयाचे आहे.

परक्यांच्या देवाधर्माचे चित्र पडद्यावर आले म्हणजे इकडील प्रेक्षक बिथरतोच, असे मुळीच नाही. या देशातील चित्रपटकलेचा जन्मच अशा एका चित्रापासून झाला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक विलायती मूकपट पाहिला. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्याचा हा मुलगा. ख्रिस्त पडद्यावर हालत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या हालू लागली, असे त्यांनी स्वतःच १९१७ साली 'नवयुग' मासिकातील लेखमालेत सांगून ठेविले आहे. त्यांनी पत्नीसही तो खेळ दाखविला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. परधर्मीयांच्या देवाचे चरित्र पाहून एका ब्राह्मणास आपला देव आठवावा, यात संतापाचा लेशही नाही. असेल तर निरोगी हेवा आहे. ख्रिस्ताचा तो मूकपट फाळक्यांच्या विरुद्ध काही बोलत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

सरकारचा दृष्टिकोण मात्र आरंभापासून निराळा होता. १९१८ साली चित्रपटांचा कायदा झाला आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षक मंडळे बसली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्षपद पोलीस कमिशनरकडे होते. त्यावरून या मंडळाने कोणत्या गोष्टीची परीक्षा करावी अशी अपेक्षा होती ते उघड होते. सरकारास दोन भये होती. एक, एखाद्या चित्राने जातिधर्मांत तेढ पडून दंगा होईल हे. दुसरे भय उघड बोलण्यासारखे नव्हते. अमेरिकन चित्रांतील दारुडे, दरोडेखोर आणि चुंबनास तयार गोऱ्या स्त्रिया पाहून काळ्या प्रजेच्या मनातील साहेबाचा दरारा ओसरेल, असे पुष्कळ अंमलदारांस वाटे. १९२७ च्या ऑक्टोबरात दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली जी चौकशी समिती नेमली गेली, तिच्या पोटात ही काळजी होती आणि अमेरिकन चित्रांस बाजूस सारून साम्राज्यात तयार झालेल्या चित्रांस येथे अधिक वाव कसा द्यावा हा हिशेबही होता. समितीने त्या हिशेबास मान तुकविली नाही, ही रंगाचारियारांच्या स्वतंत्र बाण्याची खूण होय. आणि म्हणूनच की काय, तिचा अहवाल पुढे दप्तरात पडून राहिला.

त्या अहवालातील एक तपशील आम्हांस फार बोलका वाटतो. समितीपुढे ३५३ साक्षीदार आले. त्यांपैकी ११४ युरोपियन, अँग्लो-इंडियन व अमेरिकन. उरलेले २३९ एतद्देशीय. पण हा आकडा तेथेच थांबत नाही. त्यांत १५७ हिंदू, ३८ मुसलमान, २५ पारशी, १६ ब्रह्मी, २ शीख व १ ख्रिस्ती, अशी पुढची फोड दिलेली आहे. चित्रगृहाचा मालक कोण, शिक्षक कोण, वकील कोण, गिरणीतला मजूर एखादा तरी होता की नाही, अशीही फोड करता आली असती. परंतु प्रेक्षक म्हणजे प्रथम कोणत्या तरी धर्माचा माणूस, ही मोजदादीची पद्धत राज्यकर्त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. फिर्याद ज्या मसुद्यात दाखल करून घेतली जाते त्याच मसुद्यात लोक फिर्यादी लिहू लागतात, हे कचेरीच्या दाराशी बसणारा कोणताही अर्जनवीस सांगेल. 'आमच्या देशाची निंदा झाली' हा अर्ज राजद्रोहाच्या वाटेने जाण्याची भीती होती. 'आमच्या धर्माची निंदा झाली' हा अर्ज मात्र सरकार अदबीने वाचीत असे.

ही वाट दोन्ही बाजूंनी चालली जात होती. १९२१ साली मुंबईच्या कोहिनूर कंपनीने 'भक्त विदुर' नावाचा पौराणिक मूकपट काढला. त्यातील विदुराच्या डोक्यावर गांधीटोपी होती! महाभारतातल्या विदुरास खादीची टोपी कोठून मिळाली, हे प्रेक्षकांस विचारावे लागले नाही. सरकारासही लागले नाही. मद्रास इलाख्यात व सिंधमध्ये तो बंद झाला. म्हणजे देशभक्ती पुराणाच्या पोटी लपवून पडद्यावर नेता येते हे निर्मात्यांस ठाऊक होते, आणि पुराणाच्या पोटात काय आहे हे सरकारासही दिसत होते. धर्माचे नाव ही दोघांमधली समजुतीची भाषा होती.

आता खरोखरच निखळ धार्मिक आक्षेप कसा असतो याचेही एक उदाहरण दिले पाहिजे, नाही तर आमचे म्हणणे एकांगी होईल. हिमांशु राय यांनी म्यूनिकच्या एमेल्का कंपनीशी भागी करून फ्रांझ ऑस्टेन या जर्मन दिग्दर्शकाच्या हातून १९२५ साली 'लाइट ऑफ एशिया', अर्थात 'प्रेम संन्यास', हा मूकपट तयार केला. चित्रीकरण येथे, यंत्रे व यंत्रज्ञ जर्मनीचे, गौतमाच्या भूमिकेत स्वतः राय आणि गोपेच्या भूमिकेत सीतादेवी असे पडद्यावरील नाव घेतलेली एक अँग्लो-इंडियन मुलगी. जर्मनीत त्याचे कौतुक झाले, लंडनमध्ये तो महिनोगणती चालला. परंतु सिंहलद्वीपात व मलायात त्यास बंदी झाली. चित्रात बुद्धाची निंदा नव्हती, उलट भक्तीच होती. ज्या देशात बुद्ध हे इतिहासातले पात्र नसून नित्याच्या पूजेतील दैवत आहे, तेथे एका नटाने ते रूप घ्यावे हेच गैर ठरले. येथे आक्षेप धर्माचाच होता, आणि तो कोणत्याही दुसऱ्या गाऱ्हाण्याचा बुरखा नव्हता. असे आक्षेप असतात. मुंबईचे प्रकरण मात्र या जातीचे नव्हते.

'ड्रम'ची कथा ए. ई. डब्ल्यू. मेसन या कादंबरीकाराची. वायव्य सरहद्दीपलीकडे टोकोट नावाचे एक कल्पित संस्थान. तेथील वृद्ध राजाचा खून करून त्याचा भाऊ गुल गादी बळकावतो व टोळ्या एकवटून इंग्रजांविरुद्ध उठावाची तयारी करतो. राजाचा अल्पवयी मुलगा अझीम निसटून इंग्रजांच्या आश्रयास जातो. गुलने मेजवानीस बोलावून इंग्रज पाहुण्यांची कत्तल योजिलेली असते. अझीम ठरलेल्या इशाऱ्याचा ढोल वाजवून त्यांस सावध करतो, पलटण येते, गुल मरतो आणि अझीम गादीवर बसतो. चित्र रंगीत होते, आणि त्या काळी रंगीत बोलपट ही अपूर्वाई होती. काही देखावे खुद्द चित्रळकडे जाऊन घेतले होते; बाकीचे हिंदुकुश पर्वत वेल्समधल्या टेकड्यांवर आणि डेनहॅमच्या स्टुडिओत उभे राहिले.

ही साम्राज्याची कथा कोणी कोणी मिळून सांगितली ते पाहण्यासारखे आहे. निर्माता आलेक्झांडर कोर्डा आणि दिग्दर्शक झोल्टान कोर्डा हे दोघे भाऊ हंगेरीतून आलेले. दुष्ट गुलचे काम करणारा रेमंड मॅसी मूळचा कॅनडाचा. आणि राजनिष्ठ अझीम म्हणजे म्हैसूरच्या हत्तीखान्यातला एक पोरका मुलगा, साबू, वय अवघे चौदा. इंग्रजी राज्याचा डांगोरा पिटणाऱ्या या मंडळींत इंग्रज शोधून काढावे लागतात. धंद्याच्या दृष्टीने यात नवल नाही. जगभर खपेल असा माल काढावयाचा, तर त्या वेळी इंग्रजांचे साम्राज्य हा हुकमी माल होता, जसा अमेरिकनांना त्यांचा गुराखी.

परंतु १९३८ साली मुंबईच्या माणसास सरहद्द म्हणजे काही नुसता रंगीत देखावा नव्हता. १९३० च्या एप्रिलात पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर झालेला गोळीबार विसरण्याजोगा नव्हता. खान अब्दुल गफारखान आणि त्यांचे खुदाई खिदमतगार यांचे नाव गुजराती, मराठी, उर्दू सर्व पत्रांतून रोज येत होते. १९३७ च्या सप्टेंबरपासून पेशावरला डॉक्टर खानसाहेबांचे मंत्रिमंडळ अधिकारावर होते. त्याच वेळी वझिरिस्तानात इपीच्या फकिराविरुद्ध इंग्रजांची मोहीम चालू होती आणि विमानांतून खेड्यांवर बाँब पडत होते. अशा वेळी पडद्यावर दिसतो तो पठाण एक तर दगलबाज, नाही तर साहेबाचा हात धरून चालणारा बालक! मधला, म्हणजे खरा पठाण, त्या चित्रात कोठेच नाही. गफारखानांस ज्यांनी पाहिले होते वा त्यांच्याविषयी वाचले होते, त्यांस हे असत्य कळण्यास मौलवीची वा शास्त्र्याची गरज नव्हती.

मुंबईच्या परीक्षक मंडळाने चित्र संमत केले होते. १९३८ च्या सप्टेंबरात ते लागले आणि निषेधास आरंभ झाला. चित्रगृहाबाहेर जमाव जमले, पोलिसांशी झटापटी झाल्या, आणि अखेर चित्र मागे घेणे भाग पडले. पडद्यावरचा दुर्जन मुसलमान असल्यामुळे हा मुसलमानांचा प्रक्षोभ, असे म्हणणे सोपे होते. पण निषेध करणारांत मुसलमान होते तसे हिंदूही होते, आणि राष्ट्रीय पक्षाची पत्रे त्यांच्या पाठीशी होती. हिंदूचा या चित्रात अपमान कोठे होता? देवळाचा नाही, देवाचा नाही, कोणा हिंदू पात्राचाही नाही. तरीही तो रस्त्यावर आला. मुंबईत हिंदू व मुसलमान एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरल्याचे प्रसंग त्या दशकात थोडे नव्हते. १९३२ चा दंगा लोकांच्या स्मरणातून गेला नव्हता. त्या शहरात मुसलमान पात्राच्या विटंबनेसाठी हिंदूने लाठी खावी, याचा अर्थ धार्मिक भावना या सदरात बसत नाही.

येथे चित्रगृहाच्या आतल्या रचनेचाही विचार केला पाहिजे. मुंबईतील इंग्रजी बोलपटांची चित्रगृहे ही त्या शहराची छोटी प्रतिकृतीच होती. वरच्या भारी दराच्या आसनांवर युरोपियन व्यापारी, अधिकारी, पारशी व भाटिये गृहस्थ. खाली गोवेकर कारकून, कॉलेजातले विद्यार्थी, रजेवरचे टॉमी. आणि अगदी पुढे स्वस्त बाकांवर इंग्रजी न समजणारी पण घोडदौड व हाणामारी उत्तम समजणारी मंडळी. एकाच काळोखात बसलेल्या या लोकांस एकच चित्र दिसते हा भ्रम आहे. पलटण वेळेवर आली म्हणजे टॉमी टाळी पिटणार. त्याच क्षणी त्याच्या मागे बसलेल्या विद्यार्थ्याची ती टाळी आपल्या गालावर बसल्यासारखी होणार. लंडनमध्ये ती टाळी निरुपद्रवी होती, कारण तिचा आवाज ज्याच्या कानी पडू नये तो तेथे नव्हता. दुखविले ते चित्राने जितके, तितकेच शेजारच्या टाळीने. परीक्षक मंडळ रिकाम्या खोलीत बसून चित्र पाहते. ही टाळी त्यास ऐकू येणे शक्यच नव्हते.

'गंगा दीन' पुढच्याच वर्षी आला. किपलिंगची १८९० मधील एक शिपाईगिरीची कविता घेऊन हॉलिवुडने तिच्याभोवती एक नवेच कथानक रचले होते. जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शक. कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅक्लॅग्लेन व डग्लस फेअरबँक्स धाकटा हे तीन रंगेल सार्जंट. सॅम जाफे हा न्यूयॉर्कचा ज्यू नट पखालवाल्या गंगा दीनच्या भूमिकेत. एदुआर्दो चानेली हा इटालियन नट ठगांच्या गुरूच्या भूमिकेत. सरहद्दीचे डोंगर कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळचे. कालीच्या नावाने ठगांचा पंथ पुन्हा जिवंत होतो, त्यांच्या देवळात सार्जंट सापडतात, पलटण डोंगरातील सापळ्यात शिरू लागते, आणि घायाळ गंगा दीन कळसावर चढून बिगूल वाजवून तिला सावध करतो व मरतो. मरणोत्तर त्यास कॉर्पोरलचा हुद्दा मिळतो. ढोलाच्या जागी बिगूल आले, राजपुत्राच्या जागी भिस्ती आला. बाकी कथा तीच.

ठगांविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. १८३० नंतर स्लीमनने जी ठगांची मोहीम चालविली तिच्या कागदपत्रांतील ठगांत हिंदूही आहेत आणि मुसलमानही आहेत, व दोघेही भवानीचे नाव घेताना दिसतात. त्या कागदांवर कितपत भरवसा ठेवावा याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या या सर्व काळी साहेबास जे ऐकावयाचे असते त्याच्याशी जुळत्या असतात. पण युरोपच्या कल्पनेत ठग बसविला तो स्लीमनच्या अहवालांपेक्षाही मेडोज टेलरच्या १८३९ मधील कादंबरीने. हाच टेलर निजामाच्या नोकरीत वाढलेला, पुढे नळदुर्ग जिल्ह्याचा अंमलदार झाला, त्या जिल्ह्यात तुळजापूर आले, आणि १८६३ साली त्याने जी 'तारा' लिहिली तिची नायिका तुळजापूरच्याच एका शास्त्र्याची मुलगी. एकाच लेखणीने भवानीचे भयंकर व भाविक असे दोन्ही मुखडे रंगविले. हॉलिवुडने त्यांतला एक उचलला. ज्या घरांत भवानी कुळस्वामिनी म्हणून पुजली जाते, गोंधळ घातल्यावाचून ज्यांच्याकडे लग्नाची सांगता होत नाही, त्या घरांत हे चित्र कसे दिसले असेल हे महाराष्ट्रीय वाचकास समजावून सांगावयास नको.

तेव्हा 'गंगा दीन'च्या बाबतीत तरी धर्माचा आक्षेप खरा होता, असे कोणी म्हणेल. होताच. पण बंदी कोठे झाली ते पाहा. मुंबईत झाली व बंगाल्यात झाली. बंगाल्यात त्या वेळी फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ होते, मुस्लिम लीगच्या पाठिंब्यावर उभे असलेले. आदल्या वर्षी पठाणाच्या विटंबनेसाठी मुंबईचा हिंदू उठला होता; आता कालीच्या विटंबनेचे चित्र जेथे बंद झाले त्या प्रांताचा मुख्य प्रधान मुसलमान होता. या दोन गोष्टी शेजारी ठेविल्या म्हणजे, फिर्यादीच्या मसुद्यावर धर्माचे नाव असले तरी फिर्यादी कोण व प्रतिवादी कोण, याविषयी संशय उरू नये.

या काळात परदेशी बोलपटांविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठविला तो बाबुराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया'ने. १९३५ साली निघालेले हे मासिक इंग्रजीत असे. संपादक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरकडचे. त्यांची लेखणी म्हणजे परशू. समोर झुडूप आहे की वटवृक्ष याचा विधिनिषेध तिला नसे. ख्वाजा अहमद अब्बास यांनीही १९३९ साली याच मासिकातून 'गंगा दीन'वर हल्ला चढविला. अब्बासांचा रोख आम्हांस अधिक नेमका वाटतो, कारण चित्राचा धर्म बाजूस ठेवून ते त्याचे राजकारण पाहत होते. परंतु दोघांचाही उपाय एकच: बंदी. परकी सरकारच्या हातून परक्या चित्रास बंदी करवून घेण्यात जो डाव होता तो साधला, यात शंका नाही. पण शस्त्र उसने घेतले म्हणजे त्याची मूठ मालकाच्या हाताच्या मापाची असते, इकडे कोणी लक्ष दिले नाही.

आणि आमच्या मते 'गंगा दीन'मधील खरा अपमान गुरूचा नव्हेच. तो गुरू क्रूर आहे, पण आपल्या देशासाठी मरावयास आपण सिद्ध आहो असे सांगून तो सर्पांच्या खड्ड्यात उडी घेतो; चित्रातल्या एकुलत्या एका देशभक्तास दिग्दर्शकाने नकळत मानाचे मरण दिले आहे. अपमान आहे तो गंगा दीनचा, आणि तो त्याच्या सन्मानात आहे. मेल्यावर मिळालेला तो कॉर्पोरलचा हुद्दा! आम्ही हा बोलपट अलीकडे पदवीच्या वर्गास दाखविला तेव्हा ठगांच्या देवळात मुले खुशाल हसली. बिगुलाच्या प्रसंगी मात्र वर्ग गप्प झाला. एका विद्यार्थिनीने नंतर विचारले, की आपल्या लोकांविरुद्ध बिगूल वाजविणाऱ्याचे आपणांस वाईट का वाटावे? ब्रेश्ट या जर्मन नाटककारास नेमका हाच प्रश्न पडला होता. हे चित्र पाहताना आपण हसलो, गहिवरलो, टाळ्या वाजवाव्यात असेही वाटले, आणि चित्र खोटे आहे हे सर्व वेळ आपणांस माहीत होते, अशी कबुली त्याने लिहून ठेविली आहे. तो या देशाचा नव्हता, साम्राज्याचा तर उघड वैरी होता. तरीही चित्राने त्यास क्षणभर पलटणीच्या बाजूस ओढून नेले. मुंबईच्या प्रेक्षकाचा राग हा अडाण्याचा भाबडेपणा होता असे मानणारांनी ब्रेश्टची ही कबुली जवळ ठेवावी. ज्यास चित्र उत्तम कळले होते त्याचाच तो राग होता.

राज्यकर्त्यांस हे उमजले, पण उशिरा व लढाईच्या गरजेने. १९४२ साली या देशाचे सहकार्य हवे होते, तेव्हा अमेरिकन सरकारच्या युद्धप्रचार कचेरीने एम.जी.एम. कंपनीस किपलिंगच्या 'किम'चा बोलपट काढण्यापासून परावृत्त केले. तो निघाला १९५० साली; तोवर राज्यच उरले नव्हते.

स्वराज्यात काय झाले? १९५२ साली नवा कायदा आला, पोलीस कमिशनर गेले, मध्यवर्ती मंडळ आले. अर्ज मात्र जुन्याच मसुद्यात येत राहिले. गांधीजींच्या वधावरील 'नाइन अवर्स टु रामा' १९६३ साली बंद झाला. १९८४ साली स्टीव्हन स्पीलबर्गने 'इंडियाना जोन्स'च्या दुसऱ्या भागात 'गंगा दीन'मधले कालीचे देऊळ आणि ठगांचा गुरू जसेच्या तसे उचलले. सरकारने कथेत फेरफार मागितले, तेव्हा मंडळींनी श्रीलंकेत कँडीजवळ जाऊन आपले हिंदुस्थान उभे केले. ज्या बेटाने एके काळी आपल्याकडील बुद्धचित्र नाकारले होते, तेच आपण नाकारलेल्या चित्रांचे आश्रयस्थान व्हावे, हा योगायोग मौजेचा आहे. त्या चित्रातला भयंकर पुरोहित या वेळी कोणा इटालियनाने केला नाही. तो अमरीश पुरी यांनी केला, आणि झकास केला.

पण येथवर परक्याने काढलेल्या चित्रावर आपला राग होता. दीपा मेहता यांच्या 'फायर'ने तीही रेषा पुसली. त्या अमृतसरच्या, वास्तव्य कॅनडात, पैसा परदेशचा, नट्या येथल्या, कथा दिल्लीतल्या एका घरातली. १९९८ साली मंडळाने चित्र संमत केले व ते काही आठवडे शांतपणे चालले. डिसेंबरात मुंबईत व मागोमाग दिल्लीत चित्रगृहांवर हल्ले झाले. दोन जावांच्या परस्परांवरील प्रेमाची ती गोष्ट. राग त्या प्रेमाचा होता. पण बोलले गेले ते राधा व सीता या नावांविषयी, आणि हिंदी आवृत्तीत तर सीतेची नीता झालीच होती! नाव बदलून ज्याचे समाधान होत नाही त्याचे गाऱ्हाणे नावाचे नव्हतेच. पुढे २००० साली त्यांच्या 'वॉटर'चा काशीतला देखावा मोडून टाकण्यात आला आणि विधवांची ती कथाही श्रीलंकेतच चित्रित होऊन २००५ साली पडद्यावर आली. १९३८ साली मनातले बोलण्याची सोय नव्हती म्हणून लोक धर्माच्या नावाने बोलले. आता ती सोय असता, स्त्रियांनी कसे वागावे याविषयीचा वाद सरळ वाद म्हणून मांडण्याऐवजी तो पुन्हा देवांच्या नावांवर घातला गेला. 'ड्रम'च्या निषेधात जो हिंदू मुसलमानाच्या शेजारी उभा होता, तसे शेजारी उभे राहणे या नव्या निषेधांत दिसत नाही.

त्या जुन्या प्रकरणातील एका माणसाची हकीकत तेवढी सांगावयाची राहिली. 'ड्रम'मध्ये ढोल वाजविणारा साबू पुन्हा म्हैसूरच्या हत्तीखान्यात परतला नाही. तो अमेरिकेस गेला, १९४४ साली तेथील नागरिक झाला, महायुद्धात विमानदलात तोफची झाला व त्याने शौर्यपदक मिळविले. आणि हॉलिवुडने त्यास शेवटपर्यंत लंगोट व फेटा याच वेषात उभे केले. मेहबूबखान 'मदर इंडिया' काढण्याच्या खटपटीत होते तेव्हा बिरजूच्या भूमिकेसाठी त्यांनी साबूस बोलाविण्याचे योजिले होते. चित्राचे नाव त्यांनी मुद्दाम कॅथरिन मेयोच्या १९२७ मधील कुप्रसिद्ध पुस्तकाचे घेतले होते, त्या पुस्तकास जबाब म्हणून. परंतु साबूस येथे काम करण्याचा परवाना मिळाला नाही. तो आता परदेशी नागरिक होता. ती भूमिका सुनील दत्त यांनी केली. साबू १९६३ साली कॅलिफोर्नियात वारला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. आपल्या देशात तयार झालेल्या एकाही देशी चित्रपटात त्याने काम केले नाही.